गाडीवरचा आवाज

सोमवार, ८ तारीख

धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. आशीर्वाद पाठवले म्हणजे राग गेला असं समजू नकोस. दोन्ही एकाच पाकिटात मावतात.

तुझा फोन लागत नाही. लागला तर तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्या खात्याच्या पत्त्यावर, कारण घरचा पत्ता तू आम्हाला कधी दिलाच नाहीस. प्रसिद्धी खात्यात येणारी पत्रं आधी कोणीतरी फोडून वाचतं, असं आमच्या फोटो स्टुडिओचे मालक म्हणतात. तसं असेल तर त्या वाचणाऱ्यालाही नमस्कार. पाकीट परत चिकटवताना डिंक बेताने लावा. माझ्या भावाला लहानपणापासून पाकीट नीट फोडता येत नाही, आतला कागदही फाडतो.

आई ठणठणीत आहे. हे आधी लिहिते, म्हणजे वाचणाऱ्या दोघांचंही समाधान होईल.

तुझी गाडी आमच्या रस्त्यावर रोज येते. एकदा सकाळी आणि एकदा ऊन उतरल्यावर. पांढरी गाडी, टपावर दोन कर्णे. 'नागरिकहो, घाबरू नका. ताप, खोकला, धाप, काहीही जाणवलं तर लपवू नका. स्वतःहून पुढे या. केंद्रात प्रत्येकाला वेगळी खाट आहे, डॉक्टर आहेत, घरच्यांशी रोज बोलता येतं. तुमचं माणूस ते आमचं माणूस.' पहिल्या दिवशी ऐकलं तेव्हा मी कांदा चिरत होते. खिडकीतून पाहिलं तर गाडी चालवणारा भलताच कोणीतरी, तोंड बांधलेला, कंटाळलेला. आवाज नुसता टेपवर. पण तुझा. आणि शेवटचं वाक्य तर आईचं आहे. कोणी अवघडलेला पाहुणा दारात आला की ती हेच म्हणायची. घरातली वाक्यं सरकारजमा करायला कधीपासून लागलास?

गाडी आली की रस्त्यावरच्या खिडक्या पटापट बंद होतात. आमची तेवढी उघडते. आई खुर्ची ओढून बसते. मी काही बोलायला लागले की हात वर करते, "गप्प बस गं, तो बोलतोय." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तरी ती तशीच बसून असते. मग म्हणते, "बारीक झालाय." आवाजावरून माणूस बारीक झालेला कळतो, ही विद्या फक्त आयांना येत असावी.

तू म्हणशील, ताईला आज अचानक कसं सुचलं. आपण जिन्यात जे बोललो ते मी विसरलेली नाही आणि मागेही घेत नाही. बाबा अंथरुणाला खिळलेले असताना तू आताच्या या मंत्र्यांच्या निवडणुकीच्या गाडीवर गावोगाव फिरत होतास. मी म्हटलं, आवाज भाड्याने दिलास, आता मागून माणूसही जाईल. तू खाली उतरलास तो पुन्हा वर आलाच नाहीस. यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही.

असो. एक विचारायचं होतं. माझ्या एका मैत्रिणीची आई आजारी आहे. तापही आहे आणि खोकलाही. मैत्रीण एकटीच, घरात दुसरं कोणी नाही. ती विचारते, आईला केंद्रात पाठवावं का? तुझ्यासारख्या आतल्या माणसाकडून खरं काय ते कळलं तर बरं. तू स्वतः केंद्रात जाऊन पाहिलं आहेस का? की समोर ठेवलेला कागद वाचतोस?

एवढंच सांग. तिच्या आईचं वय आपल्या आईएवढंच आहे.

तुझी,
ताई


गुरुवार, ११ तारीख

धाकट्या,

उत्तर नाही. टपाल हळू आहे हे मला माहीत आहे. पण तू मुद्दाम उत्तर देत नसशील हेही मला माहीत आहे. दोन्हीतलं खरं कोणतं ते ठरेपर्यंत मी लिहीत राहणार.

इथली हालहवाल सांगते. आता प्रत्येक मजल्याला एक मजलाप्रमुख नेमला आहे. हा तुमच्याच खात्याचा शोध असेल. आमच्या मजल्याला कोण मिळाली असेल सांग? समोरच्या दारातली दुर्बीण! तू असताना तिला आपण नुसतं 'समोरच्या बाई' म्हणायचो. हे नाव मी नंतर ठेवलं, कारण तिच्या दारातल्या त्या काचेच्या छिद्रामागे सदा एक डोळा असतो. आधीच मर्कट, त्यात सरकारने हातात ताप मोजायची बंदूक दिली. रोज सकाळी दार ठोठावते. घरातल्या प्रत्येकाने उंबऱ्यावर येऊन उभं राहायचं, ती कपाळासमोर बंदूक धरणार, आकडा वाचणार आणि वर कळवणार. आकडा चढला की खालून गाडी आलीच. कोणाला विचारणं नाही की पुसणं नाही.

बंदूक धरताना ती सरळ उभी राहतच नाही. तिरकी होते, मान वाकडी करते, म्हणजे आमच्या आतल्या खोलीत काय चाललंय ते दिसावं. मी मुद्दाम मध्ये उभी राहते. काल म्हणाली, "आई वाळल्यासारख्या वाटतात." मी म्हटलं, "वयच झालंय, आता काय फुगणार आहेत?" ती हसली नाही. मला हसण्यापेक्षा न हसण्याची भीती वाटते.

आईचा आकडा रोज छान येतो. तिला सकाळी कपाळावर ओला टॉवेल ठेवून बसायची सवय लागली आहे. उन्हाळा आहे ना. आणि तिचा आवाज जरा बसला आहे, तो माझ्याशी भांडून. हे मी जिन्यात सगळ्यांना सांगितलं आहे आणि सगळ्यांना ते पटलंही आहे, कारण आमची भांडणं जिन्याला पाठ आहेत. हल्ली मी रेडिओ मोठ्याने लावते. आईलाही आवडतो.

काल दुर्बीण घरात जाऊन फोनवर कुजबुजत होती. मी मधल्या भिंतीला पेला लावून ऐकलं. शोभत नाही, माहीत आहे. पण ती छिद्रातून बघते तेव्हा शोभतं का? काही ऐकू आलं नाही. पेल्यातून माझाच श्वास ऐकू येत होता.

बेकरीवाला तुला आठवतो. त्याला गेल्या आठवड्यात नेलं. बायको रोज केंद्राच्या नंबरावर फोन करायची, तो नुसता वाजायचा. मग एक दिवस एक पिशवी घरी आली. त्यात कपडे होते. शर्ट दुसऱ्याच कोणाचा तरी, बारीक माणसाचा. बेकरीवाला पिठाच्या पोत्याएवढा होता, त्याच्या एका दंडावरही तो शर्ट चढला नसता. आता ती बाई शर्ट हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारते, हा कोणाचा? म्हणजे कुठल्यातरी बारीक माणसाच्या घरी बेकरीवाल्याचा शर्ट गेला असणार. तुझ्या टेपवर यातलं काही नाही.

स्टुडिओ मात्र चालू आहे. आम्ही 'अत्यावश्यक' झालो आहोत! बाहेर पडायला पास, पासला फोटो, फोटोला आम्ही. आधी फतवा आला की फोटोत तोंड उघडं हवं. मग कोणीतरी वर खवळलं, आणि आता फोटोतही तोंड बांधलेलं हवं. लोक रांगेत येतात, बांधलेल्या तोंडाने स्टुलावर बसतात आणि मला विचारतात, "हसू का?" मी म्हणते हसा, तुमची मर्जी. अख्ख्या शहराचा मिळून एकच फोटो काढून ठेवला असता तरी भागलं असतं.

दुसरं काम वाढलं आहे ते मोठे फोटो करण्याचं. जुन्या ओळखपत्रावरचा बोटभर फोटो घेऊन माणसं येतात आणि म्हणतात, भिंतीवर लावण्याएवढा करून द्या. कशासाठी ते मी विचारत नाही. साथ आटोक्यात आहे असं मंत्री रोज सांगतात. मग आमच्याकडे चौकटी का संपल्या, हे त्यांना एकदा विचारून बघ.

मैत्रीण उत्तराची वाट बघते आहे.

ताई


रविवार, १४ तारीख

धाकट्या,

आज सकाळी तुझी गाडी आली नाही. आई ऊन वर येईपर्यंत खुर्चीत होती. मी म्हटलं, "रविवार आहे, त्यालाही सुट्टी असेल." ती म्हणाली, "आजार घेतो का सुट्टी?" मग ऊन उतरल्यावर गाडी आली आणि तिने दोन घास खाल्ले. तुझ्यामुळे खाल्ले, हे कबूल करताना माझ्या जिवावर येतं.

परवा मालकांना खात्यातून बोलावणं आलं. केंद्राचे फोटो काढायचे, मंत्र्यांची भेट होती. तू तिथे होतास की नाही, ते त्यांना ठाऊक नाही. त्यांनी तुला पाहिलेलं नाही, फक्त ऐकलेलं आहे, जसं आता सगळ्यांनीच. ते फोटो काल तुमच्या पत्रकात छापून आले. पांढऱ्याशुभ्र चादरी, खाटेशेजारी पाण्याचा तांब्या, हसणारी नर्स. मी ते स्टुडिओतच धुऊन काढले होते. एकामागून एक फोटो बघताना लक्षात आलं की खिडकीच्या कोपऱ्यातला पडद्याचा फाटका काठ सगळ्यांत आहे. म्हणजे एकच कोपरा, वेगवेगळ्या बाजूंनी.

मी मालकांना विचारलं, "बाकीचा हॉल?"

ते लेन्स पुसत राहिले.

"अहो, त्या कोपऱ्याच्या समोर काय होतं? तुमच्या मागे?"

"माझी तिकडे पाठ होती."

"एकदाही वळला नाहीत?"

"वळू नका म्हणून सांगितलं होतं. पाठ होती म्हटलं ना. तू फोटो काप."

मालक तुला माहीत नाहीत. हा माणूस लग्नाच्या फोटोत मागे कोण जांभई देतो तेही वर्षभर सांगत असतो. त्यांना मी पहिल्यांदाच गप्प बघितलं. घरी जाताना म्हणाले, "तुझ्या आईला जप." मी त्यांना आईबद्दल काहीच सांगितलेलं नव्हतं. आता मी त्यांच्यावरही नजर ठेवून आहे.

मैत्रिणीच्या आईचं बरं नाही. आडवं झालं की धाप लागते, म्हणून बसवूनच ठेवावं लागतं, पाठीशी उशा लावून. मैत्रीण औषधाच्या दुकानात गेली तर दुकानदार गोळ्या द्यायच्या आधी नाव, पत्ता, मजला विचारायला लागला. ती तशीच परतली. मग तिने दुसऱ्या टोकाच्या दुकानात जाऊन भलताच पत्ता सांगितला. तापाच्या गोळ्यांनी ताप उतरतो आणि गोळी संपली की पुन्हा चढतो. तिला काही सुचत नाहीये. घरी ठेवावं तर डोळ्यांदेखत जाईल. पाठवावं तर डोळ्यांआड जाईल. तू फक्त हो किंवा नाही म्हण. बाकीचं पाप मैत्रीण आपल्या डोक्यावर घेईल.

आज आईनेही विचारलं. मी तिच्या पाठीला तेल चोळत होते.

"कुठेशी आहे गं ते केंद्र?"

"कशाला?"

"सहज. त्याच्या ऑफिसच्या जवळ आहे का?"

"मला काय माहीत?"

"वेगळी खाट देतात म्हणतो. चांगलं आहे. तुझी तरी झोप होईल."

"माझ्या झोपेला काय धाड भरली आहे?"

ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तो खोटं बोलणार नाही ना गं?"

धाकट्या, त्या वेळी बेकरीवाल्याचा शर्ट माझ्या ओठांवर आला होता. मालकांची पाठही. पण आईच्या तोंडावर तिच्या पोराला खोटारडा कसं म्हणायचं? ती तुझ्या आवाजावर जेवते, तुझ्या आवाजावर उठते. मी म्हटलं, "नाही बोलणार." तिने मान हलवली आणि म्हणाली, "तेच म्हटलं."

आई तशी ठणठणीत आहे.

ताई


बुधवार, १७ तारीख

धाकट्या,

आता ज्याला हे पत्र फोडून वाचायचं असेल त्याने खुशाल वाचावं, मोठ्याने वाचावं. मैत्रीण वगैरे कोणी नाही. आपल्या आईला काल नेलं.

मी कामावर होते. घरी आले तर दार नुसतं लोटलेलं. खाट रिकामी, उशा एकावर एक नीट रचलेल्या. आईची चप्पल नाही. तिची ती निळी शाल नाही. मी आधी न्हाणीघरात बघितलं, मग दाराच्या मागे, मग खाटेखालीसुद्धा. माणूस खाटेखाली कशाला जाईल, पण मी वाकून बघितलं.

मग मी समोरचं दार बडवलं. हाताने नाही, लाटणं घेऊन. दुर्बिणीने दार उघडलं आणि मी जे तोंड सोडलं ते वरच्या मजल्यापासून खालच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी ऐकलं. चहाडखोर म्हटलं, सरकारची कुत्री म्हटलं. रोज आमच्या घरात वाकून बघत होतीस ते याचसाठी ना, म्हटलं. तुझ्या म्हाताऱ्या माणसांना असंच नेतील, असंही बोलले. तिला कोणी म्हातारं माणूस नाही, घरात ती एकटीच, हे मला माहीत होतं तरी बोलले.

ती चौकटीला धरून उभी होती. माझं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, "झालं बोलून? आता आत ये. जिन्यात नको."

"मी नाही येत. तूच कळवलंस."

तिने मला मनगटाला धरून आत ओढलं आणि दार लावलं. "मी कळवायचं असतं तर पहिल्याच दिवशी कळवलं असतं. तुझ्या आईच्या अंगाची धग मला हातभरावरून लागत होती. ओला टॉवेल ठेवून काय होतं, बाई? अगं, मी रोज तुझ्या आईचा नाही, तुमच्या दाराच्या चौकटीचा ताप मोजत होते. तिरकी उगाच उभी राहत होते का?"

इतके दिवस मी टॉवेलचे आभार मानत होते.

"मग कोणी कळवलं?"

ती खुर्चीत बसली. मी उभीच. ती म्हणाली, "त्यांनीच."

काल दुपारी आईने तिचं दार वाजवलं म्हणे. भिंत धरून धरून आली होती. केस विंचरलेले, शाल पांघरलेली, हातात छोटी पिशवी. म्हणाली, आमच्या घरच्या फोनवरची बटणं मला दिसत नाहीत, तो गाडीवर लिहिलेला नंबर, न्यायला येतात तो, तेवढा लावून द्या. दुर्बीण नाही म्हणाली. पाया पडते म्हणाली, जाऊ नका, माझ्या बहिणीला नेलंय, अजून पत्ता नाही. मी रोज रात्री फोनवर तिलाच शोधत असते. आईने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुमच्या बहिणीचंही विचारते तिथे गेल्यावर. माझा मुलगा तिथलाच आहे." आणि नंबर लावून दिल्याशिवाय उंबऱ्यावरून हलेना.

दुर्बिणीने विचारलं, मुलीला तरी येऊ द्या, तिला सांगून जा. तर म्हणाली, "ती सोडणार नाही. तिला सगळ्यांचाच संशय. आणि माझ्या खोकल्याजवळ किती दिवस निजणार आहे ती? तिलाही धरेल." मग गाडी येईपर्यंत जिन्याच्या पायरीवर बसली. दुर्बीण शेजारी बसली होती. आई तिला तुझं सांगत होती. तू शाळेत प्रार्थना सांगायचास ते, आणि तुझ्या आवाजाने मागच्या बाकावरची मुलंही गप्प व्हायची ते. शेवटी म्हणाली, "पोराने एवढा घसा फोडून साऱ्या गावाला सांगायचं आणि त्याच्या आईनेच ऐकायचं नाही? लोक काय म्हणतील त्याला?"

तोंड झाकलेले दोघं आले तेव्हा ती आपल्या पायांनी खाली उतरली. हात धरू दिला नाही.

मी तुझ्यावर संशय घेतला, मालकांवर घेतला, औषधवाल्यावर, टपालवाल्यावर, या बाईवर तर डोळ्यांत तेल घालून घेतला. घरात एकच माणूस असं होतं की ज्याचा मला संशय आला नाही. आणि मीच तिला म्हटलं होतं, नाही बोलणार तो खोटं.

आज सकाळपासून केंद्राचा नंबर फिरवते आहे. वाजतो. समोरच्या बाई त्यांच्या फोनवरून फिरवतात, मी माझ्या. दोघींचे वाजतात.

ताई


शनिवार, २० तारीख

धाकट्या,

काल तुझा फोन आला. नंबर अनोळखी होता, मी केंद्राचाच समजून उचलला. "ताई" म्हणालास तेव्हा मी ओळखलंच नाही. रोज दोनदा ऐकते तो आवाज तो नव्हताच. भिंतीआडून कोणी बोलावं तसा, घाईचा, कोरडा. तू विचारपूस केली नाहीस, मीही केली नाही. तू म्हणालास, "तुझी पत्रं आज हातात पडली. तीन. मैत्रिणीला सांग, पाठवू नको. काही झालं तरी घरातच ठेव. दार उघडू नको म्हणावं. इथे... नको पाठवू, ताई."

शेवटच्या वाक्यात तू रडत होतास का? मला तसं वाटलं. तुला कळून चुकलं होतं ना, मैत्रीण कोण ते?

मी म्हटलं, "आई मंगळवारीच गेली. तुझी गाडी ऐकून गेली."

मग नुसता श्वास. मग फोन तुटला. तू ठेवलास की तिसऱ्याने ठेवला, मला माहीत नाही. माझं बुधवारचं पत्र अजून तुझ्या हाती पडलेलं नसेल, म्हणून ही दोन वाक्यं तुला अशी अंगावर ऐकावी लागली. मला वाईट वाटतं का? वाटतं. आणि बरं झालं असंही वाटतं. दोन्ही खरं आहे.

आज सकाळी मी आणि समोरच्या बाई केंद्राच्या फाटकापर्यंत चालत गेलो. रस्त्यात आम्हाला दोनदा अडवलं, मी स्टुडिओचा पास दाखवला. त्यावरच्या बांधलेल्या तोंडाचा मला पहिल्यांदाच उपयोग झाला, कारण मी सुटल्यावर तोच पास मागे दिला आणि त्यावर समोरच्या बाईही सुटल्या. फाटकावरच्या शिपायाने आत सोडलं नाही. नाव सांगितलं तर म्हणाला, आत नावं नसतात, आजी. मला आजी म्हणाला! समोरच्या बाई म्हणाल्या, "मग काय असतं?" वाईट माणूस नसावा, आमच्या डोळ्यांकडे बघत नव्हता. आत कुठेतरी कोणीतरी खोकत होतं. मी कान देऊन ऐकलं. आईचा खोकला मी हजारांत ओळखीन असं वाटलं होतं. पण तिथे तसे कितीतरी होते.

आम्हाला आत जाता येणार नाही. तुला येईल. तुझ्याकडे खात्याचं ओळखपत्र आहे, आणि नसलं तरी तू नुसतं बोललास तर शिपाई फाटक उघडेल, रोज ऐकतो तो तुला. तू जाशील यावर माझा फारसा विश्वास नाही. नोकरी आहे, वरचे लोक आहेत, भीतीही असेल, मला समजतं. पण आईचा विश्वास आहे. ती नक्की दाराकडे तोंड करून बसली असेल.

तेव्हा जा. तिला उशा लागतात, किमान दोन. पाणी कोमट लागतं. उजव्या कानाने कमी ऐकते, म्हणून डाव्या बाजूला बस. समोरच्या बाईंच्या बहिणीचं ती विचारेल, कारण शब्द दिला आहे. उंच बाई, समोरचा एक दात पुढे. तीही सापडली तर बघ.

ती जिवंत असली तर हात धर. तुला घडलेलं सगळं तिला सांगावंसं वाटेल, पायांवर डोकं ठेवून मोकळं व्हावंसं वाटेल. तसं करू नकोस. तुझं ओझं उतरेल, पण ती त्या खाटेवर, खाट मिळाली असली तर, फक्त तुझ्या शब्दाच्या आधाराने पडली आहे. फोनवर मला म्हणालास त्यातलं एक अक्षरही तिच्या कानावर पडता कामा नये. ती विचारेल, मी आले ते बरं केलं ना रे? तेव्हा तुझा तो गाडीवरचा आवाज काढ आणि हो म्हण.

मी आयुष्यभर तुझ्याशी ज्याच्यावरून भांडले तेच आज तुझ्याकडे मागते आहे. तिच्याशी खोटं बोल, धाकट्या. तुला येतं.

ताई